निळा बाण आणि पायाखालची माती: दक्षिण इंग्लंडात ग्रॅव्हल बाइक कुठे न्यावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही दोघं रीडिंग या गावी राहता आणि नुकत्याच ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खडी-मातीच्या वाटांवरही चालणाऱ्या रुंद टायरच्या सायकली, घेतल्या आहेत. अंगावर येणारे चढ नकोत, गाड्यांची वर्दळ नको, सकाळी ट्रेनने जाऊन संध्याकाळी घरी परतता येईल असे मार्ग हवेत. मार्चच्या सुरुवातीला ॲपने काढून दिलेल्या मार्गावर निघालात, तर एका शेतात चाकं चिखलाने जाम झाली आणि पुढच्या फाटकाशी कुत्रा फिरवणाऱ्या आजोबांनी सांगितलं की ही वाट सायकलींसाठी नाहीच.

मार्गांची नावं पुढे देतोच, पण आधी या दोन अडचणी सोडवू. दक्षिण इंग्लंडातली राइड चांगली होणार की वाईट, हे त्यांच्यावरच ठरतं: त्या वाटेवर सायकल न्यायचा हक्क आहे का, आणि वाटेखाली माती कोणती आहे. अंतर, उंची, टायर हे सगळं त्यानंतर येतं. मी इथे बरीच वर्षं सायकल चालवतो, नव्या मंडळींना घेऊन जातो, आणि सिंहगडाचा घाट सहज चढणारी दमदार माणसंही इथल्या सपाट शेतात हताश झालेली पाहिली आहेत. त्यांच्या पायांत ताकद होती. त्यांनी निवडलेली वाट त्या महिन्याला योग्य नव्हती, एवढंच.

आधी हक्काचं बघू. शेतांतून आणि रानांतून जाणाऱ्या सार्वजनिक वाटांचं इथलं जाळं प्रचंड आहे, पण सगळ्या वाटा एका जातीच्या नाहीत. फूटपाथ ही फक्त चालणाऱ्यांची वाट, तिच्या खांबावर पिवळा बाण असतो. ब्रायडलवेवर पायी, घोड्यावर आणि सायकलवर जाता येतं, तिचा बाण निळा. जांभळ्या बाणाची रिस्ट्रिक्टेड बायवे मोटारी सोडून सगळ्यांना खुली, आणि लाल बाणाची बायवे मोटारींनाही खुली. म्हणजे निळा, जांभळा किंवा लाल बाण दिसला की निर्धास्त जायचं आणि पिवळा दिसला की उतरायचं. ब्रायडलवेवरचा सायकलींचा हक्क १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टने दिला. त्याच कायद्यात अट आहे की सायकलवाल्याने पायी आणि घोड्यावरून जाणाऱ्यांना आधी वाट द्यायची. इंग्लंडातल्या एकूण सार्वजनिक वाटांपैकी जेमतेम पाचवा हिस्सा सायकलींना खुला आहे, त्यामुळे अंदाजाने शिरलात तर चुकीच्या वाटेवर असण्याचीच शक्यता जास्त. शेतातल्या फूटपाथवर सायकल चालवणं हा सहसा फौजदारी गुन्हा नसतो, पण जमीनमालकाच्या दृष्टीने ते अतिक्रमणच. तुम्हाला टोकणारे आजोबा बरोबर होते. (स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या सायकलवाल्याला बहुतेक सगळीकडे मोकळीक आहे. तिथले अनुभव वाचून इथले मार्ग आखू नका.)

ॲपवर विसंबू नका, कारण बरीच ॲप्स लोकांनी आधी केलेल्या राइड्सवरून मार्ग जोडतात. दहाजण फूटपाथवरून गेले की अकराव्यालाही तोच दाखवला जातो. मार्ग आखताना ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेचा एक्सप्लोरर नकाशा समोर हवा, १:२५,००० प्रमाणाचा, कागदावर किंवा फोनवर. त्यात हिरव्या आखूड रेघांची ओळ म्हणजे फूटपाथ, लांब रेघांची ओळ म्हणजे ब्रायडलवे आणि हिरव्या अधिकचिन्हांची ओळ म्हणजे मोटारींनाही खुली बायवे. या तीन खुणा ओळखता आल्या की निम्मं काम झालं. ॲपने काढलेली रेघ नकाशावर ठेवायची आणि आखूड रेघांवर पडेल तो तुकडा बदलायचा. अर्ध्या तासाचं काम आहे, ते राइडच्या आदल्या रात्री चहा पीत करा.

प्रसिद्ध नावांपासूनही जपून राहा. थेम्स पाथ तुमच्या घराजवळून जातो, नदीकाठी आहे, सपाट आहे, पण बहुतांशी फूटपाथ आहे. कॉट्सवोल्ड वेचंही तेच. रिजवे या नॅशनल ट्रेलचा पश्चिमेकडचा अर्धा भाग सायकलींना पूर्ण खुला आहे, पण गोरिंगला थेम्स ओलांडून चिल्टर्नच्या टेकड्यांत शिरला की त्याचा बराच भाग फूटपाथ होतो. नाव तेच, खांबावरची खूण तीच, हक्क मात्र बदललेला. चिल्टर्नच्या बाजूला जायचं असेल तर स्वॉन्स वे शोधा. गोरिंगपासून नॉर्थॅम्प्टनशरमधल्या सॉल्सी फॉरेस्टपर्यंत जाणारी ६५ मैलांची ही वाट मुळात घोड्यांसाठी आखलेली आहे, त्यामुळे सायकलला अडचण नाही.

आता मातीकडे येतो. माझ्या मते खरी विद्या इथेच आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

दक्षिण इंग्लंडात टेकड्या आहेत त्या बहुतेक खडूच्या किंवा चुनखडीच्या, आणि मधली खोरी चिकणमातीची. डोर्सेट-विल्टशरपासून निघालेला खडूचा पट्टा बर्कशर डाउन्स आणि चिल्टर्नमधून थेट नॉरफोकच्या किनाऱ्यापर्यंत जातो. दुसरा फाटा साउथ डाउन्स होऊन ईस्टबोर्नला समुद्रात उतरतो. खडू सच्छिद्र असतो. पाऊस पडला की पाणी आत मुरतं, वर साचत नाही. म्हणून नकाशावर या टेकड्यांवर ओढ्यांच्या निळ्या रेघा जवळजवळ दिसत नाहीत, दऱ्यासुद्धा कोरड्या असतात. आत मुरलेलं पाणी टेकडीच्या पायथ्याशी, जिथे खडूखाली पाणी न झिरपणारे थर लागतात तिथे, झरे होऊन बाहेर येतं. गावं वसली ती त्या झऱ्यांपाशी. नकाशा उघडून बघा, रिजवेच्या उत्तर पायथ्याला ॲशबरी, वूलस्टोन, लेटकम अशी गावं एका ओळीत मांडलेली दिसतील. याचा तुमच्या दृष्टीने अर्थ असा की धारेवरची वाट कोरडी आणि वेगवान असेल, पण वर पाणी, दुकान, पब काही नसेल. बाटली भरायची तर शंभरेक मीटर उतरून गावात जायचं आणि तितकंच पुन्हा चढायचं.

खोऱ्यांतली चिकणमाती अगदी उलट वागते. लंडन क्ले, ऑक्सफर्ड क्ले, ससेक्समधली वील्ड क्ले ही नावं भूगर्भशास्त्राची असली तरी सायकलवाल्याने पाठ करावीत अशी आहेत. ओली झाली की ती विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीसारखी चाकाला लपेटते, फोर्क आणि टायरमधली जागा भरून टाकते, आणि सायकल उचलून न्यावी लागते. तुम्ही मार्चमध्ये अडकलात ते यामुळेच. पाऊस किती पडतो याने इथे फसायला होतं. ईस्ट अँग्लियातल्या बऱ्याच भागात वर्षभरात ७०० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो, म्हणजे पुण्याहून फार वेगळा आकडा नाही. पण पुण्याचा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि नंतर ऊन जमीन वाळवतं. इथे तो बारा महिने थोडा थोडा पडतो, आणि नोव्हेंबर ते मार्च सूर्य इतका खाली असतो की पडलेलं पाणी वाळतच नाही. मग ती चिकणमाती एप्रिल उजाडेपर्यंत ओलीच राहते. त्या काळात आठवडाभर पाऊस नसला तरी तिच्यावर भरवसा ठेवू नका.

कुठे काय आहे हे बघायला ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेचा नकाशा इंटरनेटवर फुकट आहे. मार्ग आखताना तो दुसऱ्या खिडकीत उघडा ठेवा. माझा साधा नियम असा: मे ते सप्टेंबर कुठेही जा, ऑक्टोबरपासून चिकणमाती टाळा, भर हिवाळ्यात कालव्याचा काठ, जुनी रेल्वेची वाट, वाळूची जंगलं आणि रोलर फिरवून बसवलेले वनखात्याचे रस्ते एवढंच. खडूबद्दल एक इशारा. तो पाणी शोषतो हे खरं, पण टायरांनी गुळगुळीत झालेला त्याचा वरचा थर ओला असताना भयंकर निसरडा होतो, विशेषतः झाडांच्या सावलीतल्या उतारावर. तिथे पुढचा ब्रेक हलक्या हाताने, आणि चाकोरीतून बाहेर यायचं असेल तर वेग आधीच कमी करून.

आता मार्ग, तुमच्या स्टेशनवरून जमतील तसे.

सुरुवात दारातूनच करा. केनेट अँड एव्हन कालवा रीडिंगलाच सुरू होतो आणि ८७ मैलांवर ब्रिस्टलपर्यंत जातो. १८१० मध्ये पूर्ण झालेला हा कालवा रेल्वे आल्यावर ओस पडला, विसाव्या शतकात काही ठिकाणी तर कोरडाच होता. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून तो जिवंत केला आणि १९९० मध्ये राणीच्या हस्ते पुन्हा खुला झाला. पूर्वी घोडे ज्या काठावरून बोटी ओढत, त्या टोपाथवर आज आपण सायकल चालवतो. पहिल्या वेळी रीडिंग ते न्यूबरी एवढंच करा, साधारण ३० कि.मी., आणि परत ट्रेनने या. वाट सगळीकडे सारखी नाही, कुठे पक्की खडी, कुठे गवतातली अरुंद पट्टी, पण चढ म्हणाल तर लॉकपाशी, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोटी वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या हौदांपाशी, येतो तेवढाच. न्यूबरीच्या पुढे डेव्हायझेसपर्यंत राष्ट्रीय सायकल मार्ग क्रमांक ४ बराचसा कालवा सोडून गावरस्त्यांनी जातो, तिथे खांबावरचे आकडे बघत जा, हट्टाने काठ धरू नका.

याच कालव्याचा सगळ्यात देखणा भाग बाथ ते डेव्हायझेस. ट्रेनने बाथला उतरा, डंडस आणि ॲव्हनक्लिफ हे दोन दगडी जलसेतू ओलांडून ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनला जेवा आणि पुढे डेव्हायझेसला जा. तिथे केन हिलचे २९ लॉक आहेत, त्यातले १६ टेकडीवर एका सरळ रेषेत. बोटीने ते चढायला अर्धा दिवस जातो, तुम्ही काही मिनिटांत बाजूने चढून जाल. डेव्हायझेसला रेल्वे स्टेशन नाही, त्यामुळे ब्रॅडफर्डला किंवा ट्रोब्रिजला परतावं लागतं हे गणितात धरा. टोपाथवर पहिला हक्क चालणाऱ्यांचा. पुलांखाली वाट अरुंद होते, पलीकडचं दिसत नाही, डोकंही वाकवावं लागतं. तिथे घंटी वाजवून पायी चालण्याच्या वेगानेच जायचं.

मे महिना लागला की रिजवे. तुम्ही विचारलेल्या सगळ्या अटींमध्ये बसणारा आणि तरीही आयुष्यभर लक्षात राहणारा मार्ग एकच सांगा म्हटलंत तर मी हाच सांगेन. एव्हबरीजवळच्या ओव्हर्टन हिलपासून आयव्हिंगो बीकनपर्यंत ८७ मैलांची ही वाट. त्यातला ओव्हर्टन हिल ते स्ट्रीटली-गोरिंग हा पश्चिमेचा भाग आपला. पूर्ण पल्ला एका दिवसात करायची गरज नाही. रीडिंगहून स्विंडनला ट्रेनने जा, चिझल्डनमार्गे फॉक्सहिलपाशी वाट गाठा आणि पूर्वेकडे गोरिंगला या. ५० ते ६० कि.मी. होतात. दिशा हीच ठेवा, कारण इथला वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो आणि उघड्या धारेवर तो पाठीशी असणं म्हणजे अर्धा गिअर वाचणं. गोरिंगहून रीडिंग ट्रेनने पाव तासावर आहे.

मोठा चढ सुरुवातीलाच धारेवर जाताना, नंतर वाट उंची टिकवत लाटांसारखी वरखाली होत राहते. वाटेत वेलंड्स स्मिदी लागते. अश्मयुगातली दगडी समाधी आहे ती, भोवती बीच वृक्षांचं कडं. लोककथा अशी की वाटसरूच्या घोड्याचा नाल निखळला तर घोडा आणि एक नाणं इथे ठेवून जावं, वेलंड लोहार नाल ठोकून ठेवतो. पुढे थोड्याच अंतरावर व्हाइटहॉर्स हिल, २६१ मीटर, ऑक्सफर्डशरचं सर्वांत उंच ठिकाण. तिच्या उतारावर खडूचा जो ११० मीटर लांबीचा घोडा कोरला आहे तो जवळपास तीन हजार वर्षं जुना, कांस्ययुगातला. गवत वाढून तो केव्हाच बुजला असता. आजूबाजूच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तो खरवडून, नवा खडू ठोकून राखला म्हणून टिकला. वरून घोडा पूर्ण दिसत नाही, सायकल लावून पाच मिनिटं चाला आणि व्हेल ऑफ व्हाइट हॉर्सचं खोरं बघा. समोर पसरलेलं ते हिरवं खोरं चिकणमातीचं आहे आणि तुम्ही उभे आहात तो खडू. हजारो वर्षांपूर्वी माणसं खालची सपाटी सोडून वर का चालत होती, हे तिथे उभं राहिल्यावर आपोआप कळतं.

या वाटेवर दोन गोष्टी सांभाळा. काही भागात मोटारींनाही परवानगी आहे, त्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या असतात. पेडल चाकोरीच्या काठाला आपटून माणूस पडतो, म्हणून मधल्या उंचवट्यावरून चला. आणि गारगोट्या. खडूत चकमकीच्या दगडाचे थर असतात, फुटल्यावर त्यांना पात्यासारखी धार येते, आणि टायरची बाजू कापली जाते. ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर, आत ताजं सीलंट (छिद्र आपोआप बुजवणारा द्रव), सोबत टायरला आतून लावायला एक पट्टी, एवढं इथे हवंच.

एखादा लांब शनिवार-रविवार मिळाला तर पूर्वेला जा. नॉरफोक आणि सफोकचा ब्रेकलँड भाग वाळूचा आहे, आणि त्यात थेटफर्ड फॉरेस्ट, ब्रिटनमधलं सपाटीवरचं सर्वांत मोठं पाइनचं जंगल. पहिल्या महायुद्धात लाकडाचा तुटवडा जाणवल्यावर १९१९ मध्ये फॉरेस्ट्री कमिशन स्थापन झालं आणि मग ही लागवड झाली. जंगलातले रस्ते सरळ, पक्के, मोटारी नाहीत. जवळच ग्राइम्स ग्रेव्हज ही अश्मयुगातली खाण आहे, चारशेहून जास्त खड्ड्यांची. रिजवेवर आपल्या टायरांना छळणारा तोच चकमकीचा दगड माणसं इथे खोल उतरून काढत होती. वाळूचं एक लक्षात ठेवा, ती थोडी ओली असताना छान दाबून बसते आणि ऑगस्टमध्ये कोरडी झाली की चाक रुततं. म्हणून हा भाग ऑक्टोबर-नोव्हेंबरसाठी राखून ठेवा, तेव्हा बाकी सगळीकडे चिखल असतो.

तिथूनच पेडर्स वे सुरू होते. नेटिशॉल हीथ ते होल्म-नेक्स्ट-द-सी, ४६ मैल, रोमन सैन्याने बांधलेला रस्ता, त्यामुळे नजर जाईल तिथवर सरळ. दक्षिणेकडचे काही तुकडे फूटपाथ आहेत, ते गावरस्त्याने वळसा घालून टाळायचे. कॅसल एकरला मुक्काम करा, किल्ल्याचे आणि मठाचे भग्नावशेष एकाच छोट्या गावात आहेत. नॉरफोकमधली सगळ्यात उंच जागा शंभर मीटरच्या जरा वर आहे, तेव्हा चढांची काळजी सोडा. समुद्र आला की मात्र थांबा, पुढे तिला जोडलेला नॉरफोक कोस्ट पाथ पायी चालणाऱ्यांचा आहे.

न्यू फॉरेस्ट तुम्हाला नक्की आवडेल, आणि मुलं किंवा आई-बाबा भारतातून आले असतील तर त्यांनाही. ब्रॉकनहर्स्ट स्टेशनवर उतरलात की सायकल भाड्यानेही मिळते. इथे नियम वेगळा, सायकल फक्त क्रमांक लावलेल्या खडीच्या वाटांवर, पण त्याच शंभर मैलांहून जास्त आहेत. घोडे, गाई, गाढवं मोकळी हिंडतात. ती रानटी नाहीत, जंगलात चराईचा वंशपरंपरागत हक्क असलेल्या स्थानिक लोकांची आहेत. शरद ऋतूत ओकची फळं खायला डुकरं सोडतात, कारण ती हिरवी फळं जास्त खाल्ली तर घोड्यांना विषबाधा होते. प्राण्यांना खायला घालू नका आणि फोटोसाठी जवळ जाऊ नका.

जरा उत्तरेला डर्बीशरमध्ये टिसिंग्टन ट्रेल आहे, ॲशबोर्न ते पार्सली हे, १३ मैल. बंद पडलेल्या रेल्वेचा रुळ काढून १९७१ मध्ये ती वाट खुली केली. वाफेच्या इंजिनाला झेपेल असा चढ म्हणजे कुणालाही झेपेल असा चढ. पार्सली हेपाशी ती हाय पीक ट्रेलला मिळते. त्या वाटेच्या पूर्व टोकाला मात्र हॉप्टनसारखे तीव्र उतार आहेत, १४ ला १ असे, तिकडून चढत येऊ नका. हिवाळ्यातल्या कोरड्या दिवशी या दोन वाटा उत्तम.

कॉट्सवोल्ड तुम्ही खास विचारलंय. मधाच्या रंगाच्या दगडाची गावं सुंदर आहेत, ब्रायडलवेही भरपूर. पण चित्रात सौम्य दिसणारा तो प्रदेश पायांना तितका सौम्य नाही. पश्चिमेचा कडा सरळ उठतो, आणि आतल्या भागात दर दोन-तीन कि.मी.ला एक दरी लागते. पहिल्या उन्हाळ्यानंतर जा. साउथ डाउन्स वेचंही तसंच. विंचेस्टर ते ईस्टबोर्न १०० मैल, पूर्ण लांबी सायकलला खुली, पण प्रत्येक नदीपाशी समुद्रसपाटीजवळ उतरून पुन्हा दोनशे मीटर चढायचं.

घोड्यांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांना घोड्याशेजारून सायकल नेण्याची सवय नसते. रिजवेखालचं लॅम्बर्न हे शर्यतीच्या घोड्यांचं मोठं केंद्र आहे, सकाळी ते धारेवर सरावाला येतात. मागून शांतपणे आलेली सायकल घोड्याला हिंस्र प्राण्यासारखी वाटते. दुरूनच वेग कमी करा आणि घंटीऐवजी माणसाच्या आवाजात "हॅलो" म्हणा. बोलणं ऐकलं की घोड्याला कळतं की मागे माणूस आहे. स्वाराने खूण केली की त्याच्या उजव्या बाजूने, भरपूर अंतर ठेवून, सावकाश जा. डावीकडून जाऊ नये असं २०२२ पासून हायवे कोड या ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीतही स्पष्ट लिहिलं आहे. गाईंच्या कळपात वासरं असतील तर उतरून लांबून वळसा घ्या, गाय आणि वासराच्या मध्ये कधी येऊ नका. फाटक उघडं सापडलं तर उघडं, बंद सापडलं तर बंद.

सामानाचं फार मनावर घेऊ नका. ४० ते ४५ मिमी रुंद टायर, आणि हवा दुकानदार भरून देतो त्यापेक्षा बरीच कमी. सत्तर किलोच्या माणसाला ट्यूबलेसमध्ये ३० ते ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) यापासून सुरुवात करून बघा. सगळ्यात हलका गिअर एकास एक किंवा त्याहून हलका असावा. सप्टेंबरपासून शेतकरी कुंपणं छाटतात आणि ब्लॅकथॉर्नचे काटे वाटेवर पडतात, तेव्हा सीलंट त्याआधी बदला. जूनमध्ये अरुंद वाटांवर अंगाची आग करणारं नेटल कमरेइतकं वाढतं, त्या महिन्यात पाय झाकणारी पँट बरी. राइडनंतर गुडघ्यामागे आणि मांड्यांवर गोचीड बघा. इथल्या गोचिडींमुळे लाइम हा आजार होऊ शकतो. सापडली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढायची.

पबची स्वयंपाकघरं बऱ्याच गावांत दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतात ती संध्याकाळीच उघडतात, आणि रविवारी गावचं दुकान लवकर मिटतं. म्हणून दशमी, शेंगदाण्याची चिक्की, दोन केळी खिशात असू द्या. डिसेंबरमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो, जूनमध्ये रात्री नवानंतर. हिवाळ्यात परतीची ट्रेन ठरवून मग निघायची वेळ ठरवा. स्विंडन आणि बाथकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत सायकलची जागा आधी राखावी लागते, तिकिटाबरोबरच ती मागून घ्या. गोरिंग आणि न्यूबरीच्या लोकल गाड्यांत तशी गरज नसते, फक्त कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळा टाळायच्या.

हे सगळं एकदा अंगवळणी पडलं की पुढच्या वर्षीच्या मेसाठी किंग आल्फ्रेड्स वे डोक्यात ठेवा. सायकलिंग यूके या संस्थेने २०२० मध्ये आखलेलं ३५० कि.मी.चं वर्तुळ, विंचेस्टर, सॉल्सबरी, स्टोनहेंज, एव्हबरी, रिजवे, रीडिंग, फार्नम आणि साउथ डाउन्स जोडणारं. अधिकृत सुरुवात विंचेस्टरला असली तरी वर्तुळ कुठूनही धरता येतं आणि ते तुमच्या गावातूनच जातं. चार मुक्काम करून पाच दिवसांत करा. सॉल्सबरी प्लेनवर लष्कराचा सराव चालतो, तिथे लाल निशाण फडकत असेल तर त्या हद्दीत शिरायचं नाही, आखलेल्या बायवेवरच राहायचं. रीडिंगहून निघून आधी फार्नमकडे वळलात तर डाउन्सचे चढ ताज्या पायांनी होतील आणि रिजवे शेवटच्या दिवसासाठी उरेल, तोही पाठीवर वारा घेऊन.

तोवर एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात न्यूबरीपर्यंतचा कालवा करून घ्या. टायरमधली हवा किती ठेवलीत आणि कुठल्या भागात घसरायला झालं, ते मला कळवा. त्यावरून रिजवेला कोणते टायर घ्यायचे ते सांगतो.